पनाही बघायचा असला तर आधी शिपाई शोधा

मी केलेली चूक आधी सांगतो, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. जाफर पनाही म्हणून इराणचा एक डायरेक्टर आहे, त्याला तिथल्या सरकारनं सिनेमा करायला बंदी घातली तर यानं घरात बसून सिनेमा केला, पेनड्राईव्हवर घातला आणि तो पेनड्राईव्ह केकमधनं देशाबाहेर गेला म्हणे, एवढं वाचल्यावर मला काय राहवलं नाही. शनिवारी मित्राच्या गच्चीवर चादर बांधली, प्रोजेक्टर आणला, आठ-नऊ पोरं गोळा केली आणि तोच सिनेमा लावला. 'धिस इज नॉट अ फिल्म'. पडद्यावर एक माणूस नाश्ता करतोय, स्पीकरवर फोन लावून वकिलाशी बोलतोय, मग एक भला मोठा इग्वाना त्याच्या अंगावर चढतोय. पंधरा मिनिटांनी मागनं आवाज आला, "भावा, हे आमच्या घरात रोजच चालतंय की, ते जनावर सोडलं तर." अर्ध्या तासात निम्मी रंकाळ्यावर भेळ खायला गेली आणि उरलेली मोबाईलात.

सिनेमात चूक नव्हती, मी उलट्या टोकानं सुरुवात केली होती. त्या माणसाचं नेमकं काय काढून घेतलंय हे माहीत नसताना तो रिकाम्या हातानं काय करतोय हे कसं कळणार. त्यानंतर मी त्याचे बहुतेक सगळे सिनेमे बघितले, काही दोन-तीनदा, घरच्यांना दाखवले, तालमीतल्या पोरांना दाखवले, आणि आता एक पद्धत बसलीय ती सांगतो. इराणबद्दल काही माहीत नसलं तरी चालतंय.

पद्धतीचं सूत्र एकच. पनाहीच्या सिनेमात ड्युटीवरचा माणूस शोधायचा. शिपाई, हवालदार, पहाऱ्यावरचं पोरगं, जो कोण वरनं आलेली ऑर्डर पाळतोय तो. हिरो-हिरॉईन आपोआप दिसतातच, त्यांच्यासाठी वेगळं काय करायला लागत नाही. पण हा शिपाई कसा दाखवलाय ते धरून बघितलं की या माणसाची तीस वर्षांची सगळी कारकीर्द एका दोरीत ओवल्यासारखी दिसते. पनाही स्वतः पण शिपाईच होता, इराण-इराक युद्धात त्यानं सैन्यात नोकरी केली, तिथं त्याच्याकडं कॅमेरा होता, आणि १९८१ मध्ये कुर्दी बंडखोरांनी पकडून त्याला अडीच महिने ठेवलं होतं. म्हणजे युनिफॉर्मच्या आतनं जग कसं दिसतंय ते त्यानं बघितलेलं आहे.

कोल्हापूरकरांनी पहिला 'ऑफसाईड' बघायचा, २००६ चा. डोळे झाकून. कारण तो फुटबॉलचा आहे आणि फुटबॉल आपल्याला समजावून सांगायला लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच ज्यानं बघितलीय त्याला पहिल्या पाच मिनिटांतली ती बस, झेंडे, खिडकीतनं बाहेर लोंबणारी पोरं हे सगळं ओळखीचं वाटणार. गोष्ट एवढीच की तेहरानच्या आझादी स्टेडियमवर बायकांना पुरुषांच्या मॅचला बंदी, म्हणून काही पोरी मुलांचे कपडे घालून, तोंडाला झेंड्याचे रंग फासून आत शिरायला बघतात आणि पकडल्या जातात. पनाहीच्या स्वतःच्या मुलीला एकदा स्टेडियमच्या गेटवर अडवलं होतं, त्यातनं हा सिनेमा सुचला. मॅच खोटी नाही हां, ८ जून २००५ ची इराण-बहारीन वर्ल्डकप क्वालिफायर, इराण १-० नं जिंकलं, आणि शूटिंग खऱ्या मॅचच्या दिवशी खऱ्या स्टेडियमवर. म्हणजे इराण हरलं असतं तर शेवट वेगळा करायला लागला असता. डायरेक्टरनं आपला शेवट अकरा खेळाडूंच्या पायावर सोडून दिला, याला नाद म्हणतात.

आता यात काय बघायचं. पकडलेल्या पोरींना स्टेडियमच्या वरच्या बाजूला, बाहेरच्या अंगाला, बॅरिकेड लावून कोंडलंय. भिंतीपलीकडं मॅच चालू आहे, आवाज सगळा येतोय, दिसत काहीच नाही. पण नीट बघा, त्यांच्यावर पहारा देणाऱ्या शिपायांना पण मॅच दिसत नाही. आपल्याकडं स्टेडियमवर बंदोबस्ताचे पोलीस आणि होमगार्ड बघितलेत काय कधी? मैदानाकडं पाठ, तोंड पब्लिककडं, मागं गोल झाला की मान वळवायचा मोह होतोय आणि वळवता येत नाही. तसंच. मग त्यातला एक शिपाई फटीतनं बघून बघून पोरींना कॉमेंट्री सांगायला लागतो. कोंडणारा पण तोच आणि कॉमेंट्री सांगणारा पण तोच, त्या कॉमेंट्रीला पोरी चुका काढतात ते वेगळंच. त्यांच्यावरचा मुख्य शिपाई गावाकडचा आहे, त्याच्या डोक्यात गावाकडची आजारी आई आणि गुरं, रजा रद्द झालीय, आणि त्याला मनापासून असं वाटतंय की या शहरातल्या पोरींच्या हट्टापायी आपण मरतोय.

आणि तो टॉयलेटचा सीन. एका पोरीला जायचंय, स्टेडियममध्ये बायकांचं टॉयलेटच नाही कारण बायका येणारच नाहीत असं गृहीत. शिपाई तिला पुरुषांच्यात घेऊन जातो, पण तोंड दिसू नये म्हणून एका प्लेअरच्या पोस्टरचा मुखवटा करून तिला बांधतो, आणि वर सांगतो की भिंतीवर घाण घाण लिहिलेलं असतंय, ते वाचायचं नाही, डोळे मीट. हा सीन मी भाचीबरोबर बघत होतो, ती आधी हसून हसून पडली आणि मग थांबून म्हणाली, "मामा, तुम्ही पण मला हेच सांगितलं होतं की." सांगितलं होतं खरं. आपल्याकडं कायदा नाही, गेटवर कोण अडवत नाही, पण "तिथं पोरं शिव्या देत्यात, तू कशाला" हे वाक्य आमच्या घरात, तुमच्या घरात, सगळ्या पेठांत जसंच्या तसं चालतं आणि सिनेमातला शिपाई पण साधारण तेच कारण देतो. मला त्या दिवशी तोंड लपवायला प्लेअरचा मुखवटा हवा होता.

(परवानगीसाठी त्यानं खोटी स्क्रिप्ट दिली होती, मॅचला जाणाऱ्या पोरांची. सिनेमा इराणात अधिकृत रिलीज झालाच नाही, पण डुप्लिकेट सीडीवर घरोघरी पोचला. बायकांना त्या स्टेडियमवर देशाच्या मॅचची रीतसर तिकिटं मिळायला ऑक्टोबर २०१९ उजाडलं, आणि तेसुद्धा स्टेडियममध्ये शिरल्याबद्दल खटला झालेल्या एका तरुणीनं स्वतःला पेटवून घेतल्यावर.)

सबटायटलचं बोलतो, कारण बरेच जण तिथंच गळपटतात. पहिली दहा मिनिटं त्रास होतो, नंतर डोळ्याला सवय लागते. प्रोजेक्टर असला तर चादरीची खालची कड घडीत जाऊ देऊ नका, नाहीतर सबटायटल सुरकुतीत जातंय आणि लोक शेजाऱ्याला "काय म्हणाला" विचारत बसतात. इंग्लिश येत नसलेलं कोणी बरोबर असेल तर एकानं मोठ्यानं मराठीत सांगायचं, सगळं नाही, तीन वाक्यांतलं एक, बाकीचं चेहऱ्यावर कळतं. आईला मी असाच 'द व्हाइट बलून' दाखवला, म्हणजे मी पण त्या शिपायासारखा कॉमेंट्री करत बसलो होतो.

तो दुसरा बघायचा. त्याचा पहिला फीचर सिनेमा, १९९५, फ्रान्समधल्या कानच्या फिल्म फेस्टिव्हलला पहिल्या सिनेमासाठी असणारा कॅमेरा दोर मिळाला. स्क्रिप्ट अब्बास कियारोस्तामीची, ज्याच्या हाताखाली पनाही असिस्टंट होता. सात वर्षांची पोरगी, नौरोज म्हणजे त्यांचा पाडवा, आपल्या पाडव्याच्या आसपासच येतो मार्चमध्ये, आणि तिला सणासाठी गोल्डफिश पाहिजे, साधा नको, गुबगुबीत पाहिजे. रडून रडून आणि भावाला मध्ये घालून आईकडनं पाचशे तोमानची नोट काढून घेते, मासा शंभरचा, आणि ती नोट वाटेत एका बंद दुकानापुढच्या लोखंडी जाळीतनं खाली पडते. बस्स, एवढंच. दीड तासाला पाच मिनिटं कमी, आणि सिनेमातला वेळ साधारण आपल्या घड्याळाबरोबर चालतो, नवीन वर्ष लागायला किती वेळ उरलाय ते रेडिओवर सांगत असतात. बाप एकदापण दिसत नाही, नुसता आतनं ओरडतो, शॅम्पू सांगितला तर साबण आणलास आणि अमुक केलं नाहीस म्हणून, आणि सगळं घर त्या आवाजावर पळतंय. आई म्हणाली, "ह्यांच्यातपण तसलंच हाय व्हय."

शिपाई इथं पण आहे. पोरगी जाळीपाशी एकटी बसलीय आणि एक तरुण सैनिक येऊन शेजारी बसतो, बोलायला लागतो. आपल्याला भीती वाटते, आजच्या काळात तर वाटणारच. पण त्याला घरची आठवण येतेय, गावाकडं अशाच लहान बहिणी आहेत, सणाला घरी जायला भाड्याचे पैसे नाहीत. एवढंच निघतं त्यातनं. आणि शेवट सांगत नाही म्हणणार होतो पण थोडा सांगायलाच लागणार, कारण तो चुकवला तर सिनेमा चुकला. नोट काढायला मदत कोण करतं तर फुगे विकणारं एक अफगाण पोरगं, त्याच्या काठीच्या टोकाला च्युइंगगम चिकटवून. नोट निघाली की भाऊ-बहीण पळतात मासा घ्यायला, त्याच्याकडं वळून बघत पण नाहीत. सगळा बाजार घरी जातो. ते पोरगं तिथंच बसलेलं, काठीला एक पांढरा फुगा उरलाय, आणि चित्र थांबतं. दीड तास आपण ज्या पोरीसाठी जीव टांगून बसलो तिच्यावर नाही, ज्याला सणाला जायला घरच नाही त्याच्यावर. आई बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "त्याला खायला तरी द्यायचं."

मधला 'द मिरर' (१९९७) जमला तर बघा, लोकार्नोच्या फेस्टिव्हलला सगळ्यात मोठं बक्षीस मिळालेला, निम्म्यात छोटी हिरॉईन हाताचं खोटं प्लास्टर काढून फेकते, मला नाही करायची ॲक्टिंग म्हणून बसमधनं उतरते, आणि कॅमेरा तिच्या मागं. गंमत आहे. पण घाई असेल तर सोडा.

पुढचे दोन रात्री जेवायच्या आधी बघू नका. 'द सर्कल' (२०००) ला व्हेनिसचा गोल्डन लायन मिळाला आणि इराणात बंदी मिळाली. सुरुवातीला दवाखान्याच्या दारातली एक छोटी खिडकी, पलीकडनं सांगतात मुलगी झाली, आणि आजीचं तोंड पडतं. शेवटी परत तसलीच छोटी खिडकी, पण ती कुठल्या दाराला आहे ते तुम्हीच बघा. मध्ये एकीकडनं दुसरीकडं अशी गोष्ट फिरत राहते, प्रत्येक बाई पोलीस दिसला की गल्लीत वळते. एक खूण देतो, सिगारेट. सिनेमाभर कुणालातरी सिगारेट ओढायची असते आणि दरवेळी काहीतरी आडवं येतं. कुणाला मिळते आणि कुठं मिळते एवढ्यावर लक्ष ठेवा.

'क्रिमसन गोल्ड' (२००३) ची स्क्रिप्ट परत कियारोस्तामीची. पिझ्झा पोचवणारा एक थोराड, गप्प माणूस, काम करणारा खराच पिझ्झा डिलिव्हरीवाला, नट नव्हे. सोनाराच्या दुकानात त्याला उभं करून घेत नाहीत, कपडे बघून. गुजरीत काचेच्या दारापाशी घुटमळणारी माणसं बघितलीत ना, तसं. यातला शिपायाचा सीन मला सगळ्यात भारी वाटतो. एका फ्लॅटमध्ये पार्टी चाललीय, खाली पोलिसांनी सापळा लावलाय, वरनं नाचणाऱ्यांच्या सावल्या दिसतात, खाली येईल त्याला पकडायचं. हा पिझ्झा घेऊन येतो तर याला वर पण सोडत नाहीत आणि परत पण जाऊ देत नाहीत. पहाऱ्यावरचं एक पोरगं जेमतेम पंधरा वर्षांचं, हातात बंदूक. मग हा काय करतो, पिझ्झे गार होण्यापेक्षा म्हणून पोलिसांनाच वाटतो. श्रीमंतांची पार्टी वर आणि दोन्हीकडचे गरीब खाली थंडीत पिझ्झा खातायत. लांबून काढलंय सगळं, म्युझिक नाही, कुणी रडत नाही.

इथं मला नेहमी एक विचारतात की मग हा सरकारविरोधी आहे काय. तो स्वतः वर्षानुवर्षं सांगत आलाय की मी राजकीय नाही, सामाजिक सिनेमे करतो. राजकीय सिनेमात आपल्या बाजूचा तो चांगला आणि समोरचा तो वाईट हे आधीच ठरलेलं असतं, आणि याला तसं नकोय. तसं बघायला गेलं तर समाजाचा सिनेमा म्हणजे काय हे कोल्हापूरला नवीन नाही. बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' केला, सावकारानं जमीन गिळलेला शेतकरी शहरात मजूर होतो, शांतारामबापू त्यात तरुण शेतकरी. सगळी पौराणिक काढत होते तेव्हा. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, आपण रोज त्याच्या बाजूनं गाडी काढतो, हॉर्न मारत.

आता बंदी. १ मार्च २०१० ला पनाहीला घरातनं उचललं, तुरुंगात त्यानं उपोषण केलं, मे महिन्यात जामीन. डिसेंबरला शिक्षा आली, ६ वर्षं कैद आणि २० वर्षं सिनेमा करायचा नाही, स्क्रिप्ट लिहायची नाही, मुलाखत द्यायची नाही, देश सोडायचा नाही. हे सगळं डोक्यात ठेवून मग 'धिस इज नॉट अ फिल्म' (२०११) लावा, जो मी पहिल्यांदा लावला होता. आता बघा तो कसा दिसतो. जो सिनेमा करू दिला नाही त्याची स्क्रिप्ट तो मित्राच्या कॅमेऱ्यापुढं वाचून दाखवतो, कारण वाचायला बंदी नाही. दिवाणखान्यातल्या गालिच्यावर चिकटपट्टी लावून खोली आखतो, हे दार, ही खिडकी, इथं पोरीचा पलंग. आणि मध्येच थांबतो, त्याला कळतं की सांगूनच भागत असतं तर सिनेमा करायला कशाला पाहिजे. मग उठून बाहेर जातो. पहिल्या वेळी मला ही चिकटपट्टी म्हणजे टाईमपास वाटली होती. तीच पोरं दुसऱ्यांदा बसली (मिसळीची लाच द्यावी लागली, खोटं कशाला बोलू) आणि या जागी कोण हललं नाही.

'टॅक्सी' (२०१५) मग सोपा जातो. पनाही स्वतः टॅक्सी चालवतोय, डॅशबोर्डवर कॅमेरा, येतील ती गिऱ्हाईकं. बर्लिनचा गोल्डन बेअर मिळाला, तो घ्यायला स्टेजवर त्याची छोटी भाची गेली कारण याला देश सोडता येत नव्हता. सिनेमातपण ती आहे, बडबडी, शाळेत शॉर्टफिल्म करायला सांगितलंय आणि बाईंनी नियम दिलेत ते ती वाचून दाखवते, चांगल्या माणसाला टाय घालायचा नाही, वास्तव दाखवा पण काळंकुट्ट वास्तव नको. हसायला येतं. पण मी जे शोधायला सांगतोय ते एका वाक्यात आहे, शिंक आली तर चुकेल. वकीलबाई नसरीन सोतुदे गाडीत बसतात, गुलाबं घेऊन, आणि पनाही त्यांना सांगतो की आता बाहेर एक आवाज ऐकला, चौकशी करणाऱ्याचा वाटला. त्या म्हणतात की माझे बरेच अशील असंच सांगतात. कारण आत डोळे बांधलेले असतात, चेहरा माहीतच नसतो. या सिनेमात शिपाई दिसत नाही. नुसता आवाज.

तिथनं सरळ 'इट वॉज जस्ट ॲन ॲक्सिडेंट' वर जायचं, मधले नंतर बघितले तरी चालतील. मध्ये काय झालं तर जुलै २०२२ मध्ये पकडलेल्या दुसऱ्या डायरेक्टरची चौकशी करायला गेला आणि यालाच आत घातलं, ती जुनी शिक्षा काढून. एविन तुरुंग. फेब्रुवारी २०२३ मध्ये परत उपोषण, दोन दिवसांत सोडलं. बाहेर आल्यावर परवानगी न घेता, लपूनछपून हा सिनेमा केला आणि २४ मे २०२५ ला कानचं सगळ्यात मोठं बक्षीस, पाम दोर. कान, व्हेनिस, बर्लिन तिन्हीकडची वरची बक्षिसं असलेले डायरेक्टर हाताच्या बोटावर मोजण्याइतके. डिसेंबर २०२५ मध्ये त्याला परत एक वर्षाची शिक्षा सुनावली, त्याच्या गैरहजेरीत.

गोष्ट अशी की एक मेकॅनिक आहे, वाहिद, तुरुंगात मार खाऊन आलेला. एका रात्री एक माणूस गाडी बिघडली म्हणून येतो आणि त्याच्या चालण्यात एक आवाज असतो, नकली पायाचा, कच् कच्. आतमध्ये छळणाऱ्या माणसाचा पण असाच होता. हा त्याला उचलतो, व्हॅनमध्ये घालतो, पण खात्री नाही. डोळे बांधलेले होते ना. मग बाकीच्या सुटून आलेल्यांना गोळा करतो, एकजण तर नवरीच्या पोषाखात, आणि सगळे भांडतात की हा तोच काय, आणि तोच असला तर काय करायचं. तीस वर्षं ज्या शिपायाला आई होती, गुरं होती, लहान बहिणी होत्या, तो आता पेटीत बांधून समोर आहे आणि त्यालापण बायको आहे, पोर आहे. मला वाटलं होतं जेलमधनं आल्यावर पनाही हा नियम सोडेल. कुणीपण सोडला असता.

हा सिनेमा मोबाईलवर बघू नका, आणि टीव्हीचा आवाज बारीक करून तर अजिबात नको. सिनेमे कुठं मिळतील ते बदलत राहतं, बघायच्या आदल्या दिवशी शोधून ठेवा. हेडफोन किंवा बरा स्पीकर लावा, पंखा आवाज करत असेल तर बंद करा, उकडलं तर उकडू द्या. शेवटचा मिनिट आला की कुणाला पाणी आणायला उठू देऊ नका, कारण तिथं बघायचं काही नाही, ऐकायचं आहे.